बनाक्काची लंगोट फ्लॉपी

स्वतःच्या विरुद्धचा मेमो बनाक्कानं स्वतःच टाइप केला, आणि त्यात एकसुद्धा चूक केली नाही.

करणार काय? शाहूपुरीतल्या त्या खत-बियाणे संघाच्या कार्यालयात टायपिस्ट एकच, ती म्हणजे बनाक्का. मॅनेजर बाळासोंनी नेहमीसारखं तिलाच बोलावलं, खिडकीबाहेर बघत मजकूर सांगितला आणि तिनं तो खटाखट उतरवला. कॉम्प्युटरमध्ये परस्पर फेरफार केल्यामुळे सभासद-यादीचं नवं पॅकेज बसत नाही, शिवाय खताच्या साठ्याची नोंद पुसली गेली. सबब सोमवारपर्यंत माफीनामा लिहून द्यावा आणि मलकापूरच्या गोदामावर रुजू व्हावं. साल अठ्ठ्याऐंशी, वार शुक्रवार. कागद काढला, दोन कार्बन प्रती सुट्या केल्या, साहेबांची सही घेतली आणि आपली प्रत घडी घालून पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "साहेब, मेमो घेतला. माफीनामा मिळणार न्हाय."

बाळासो तसा वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. भित्रा माणूस वाईटापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण तो ज्याच्या हातात जाड बॅग दिसेल त्याचं खरं मानतो. आणि ह्या खेपेला बॅग होती पुण्याच्या इंजिनिअरच्या हातात.

आता ही बनाक्का कोण, ते आधी सांगायला पाहिजे. मस्टरवर नाव बनाबाई पिराजी. वय त्रेचाळीस. लग्न होऊन बिद्रीला गेली होती. तिथं सासू उठताबसता म्हणायची, हे घर तुझं न्हवं, तुझं घर कोल्हापुरात. कोल्हापुरात चार दिवस माहेरी आली की भावजय म्हणायची, तुझं घर आता बिद्री. सात वर्षं ही टोलवाटोलवी सोसली आणि एक दिवस बाई पिशवीत दोन लुगडी घालून परत आली. भावजयीनं तोंड वाकडं केलं तेव्हा म्हातारा बाप फक्त एवढंच म्हणाला, ती हितं राहणार. मग हिनं टायपिंगचा क्लास लावला, सासरचं नाव टाकलं आणि बापाचं लावलं. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत की! लोकांचं काय, लोक मारुतीच्या शेंदरालाही नावं ठेवतात.

बाप म्हणजे पिराजी वस्ताद. पेठेतल्या तालमीत चाळीस वर्षं पोरांना घुमवलेला माणूस. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, म्हणून लहानपणी डबा घेऊन आलेली बना उंबऱ्याबाहेरच उभी राहायची आणि तिथून सगळं बघायची. पिराजीची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. तरुणपणी एका कुस्तीत समोरच्या पैलवानाच्या दंडाला ताईत होता, त्याच्या दोऱ्यात ती अडकली आणि कायमची गेली. तेव्हापासून वस्तादाचा एकच कायदा: लाल मातीत उतरायचं तर लंगोटावर. घड्याळ, अंगठी, करदोट्याची किल्ली, अगदी देवाचा ताईतसुद्धा बाहेरच्या खुंटीला. एखादं पोर कुरकुरलं तर म्हणायचा, "बाहेरचं बाहेर ठेव लेका. आत तू आन् माती, बास." हे वाक्य बनानं इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

दोन वर्षांपूर्वी संघात कॉम्प्युटर आला. पहिल्या दिवशी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी आत जाईल म्हणून तो फोडला जिन्यावर. मग प्रश्न पडला, ह्याला हात कोण लावणार? सगळे कारकून एकेक पाऊल मागं सरले, आणि न सरलेली बनाक्का आपोआप पुढं आली. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या त्र्यंबक सरांनी संघासाठी खताच्या साठ्याचं पॅकेज लिहून दिलं होतं. त्यांनीच तिला दोन महिने शिकवलं. ती दोनशेपानी वहीत सगळं टिपून घ्यायची. इंग्रजी हुकूम मराठी अक्षरात, आणि खाली त्याचा अर्थ आपल्या भाषेत. पुढं सर नाशिकला गेले. वही राहिली. दर शनिवारी ती खताची सगळी नोंद फ्लॉप्यांवर उतरवून कपाटात ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण बिद्रीहून आलेली बाई कुठल्याच छपराला कायमचं मानत नसते.

तर मेमोच्याच आठवड्यातल्या मंगळवारी नृसिंह आला. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर, सव्वीस-सत्तावीसचा, गळ्यात टाय. वार्षिक सभा तोंडावर आलेली, सभासदांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची होती, त्याचं पॅकेज हा घेऊन आलेला. बनाक्का म्हणाली, "बसा. मी सकाळीच मशीन पुसून ठेवलो." हा गालात हसला. कोल्हापूरच्या बायका 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या बोलत आल्यात, त्यात हसण्यासारखं काय आहे? पण हसला. तिनं ते बघितलं आणि मनात ठेवलं.

त्यानं फ्लॉपी घातली, एक शब्द टाइप केला, मशीन घरघरलं आणि पाच मिनिटांत 'काम झालं' असं पडद्यावर आलं. मग पॅकेज उघडायला गेला तर ते उघडेना. तिकडं बनाक्कानं खताचं उघडलं तर त्यातला साठा गायब! नृसिंहानं पुन्हा घातली, पुन्हा तेच. तिनं शनिवारच्या फ्लॉप्या काढून खताची नोंद जागेवर आणली, सोमवारच्या चिठ्ठ्या नव्यानं भरल्या, म्हणजे नुकसान असं झालंच नाही. पण नृसिंहाला आपली लाज राखायची होती. त्यानं अहवालात लिहून टाकलं की पॅकेज पन्नास ठिकाणी नीट बसलंय, इथंच बसत नाही. सबब ऑपरेटर बाईंनी मशीनमध्ये काहीतरी ढवळाढवळ केलेली दिसते. आणि राहिला लॉजवर, निकालाची वाट बघत.

शुक्रवारी मेमो झाला. त्या संध्याकाळी घरी बनाक्का जेवली नाही. रडली का? हो, रडली. चुलीपुढं बसून रागानं रडली. मलकापूरच्या गोदामाचं तिला भय नव्हतं, युरियाच्या पोत्यांमध्येही माणसं राहतातच. तिला डाचत होतं ते वेगळंच. माफीनाम्यावर सही केली की बिद्रीपासून आजवर जे-जे तिच्याबद्दल बोललं गेलं ते सगळं एका सहीनं खरं ठरणार होतं: ही बाई जिथं जाते तिथं बिघडवते. म्हाताऱ्या पिराजीनं विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं. कॉम्प्युटर म्हणजे काय हे त्याला कळायचं कारण नव्हतं, पण त्यानं एकच विचारलं, "तू केलंयास काय?" न्हाय म्हणाली. "मग पाठ टेकायची न्हाय," म्हातारा म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला.

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी सगळे गेल्यावर ती मशीनपुढं बसली. आधी तिनं नृसिंहानं दिलेलं माहितीपत्रक काढलं. इंग्रजी होतं, डिक्शनरी घेऊन ओळ-ओळ लावली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की पॅकेज चढवताना ते पहिल्यांदा विचारतं, फायली कुठं ठेवू?

बनाक्का थांबली. मंगळवारी ती त्याच्या खांद्यामागंच उभी होती. दोन्ही वेळेला मशीननं असं काहीच विचारलं नव्हतं! न विचारताच थेट कामाला लागलं होतं. आता, नवखा माणूस पत्ता न विचारता सरळ चालायला लागला, तर त्याचा अर्थ एकच: त्याला पत्ता आधीच कुणीतरी सांगितलाय. कुणी सांगितला?

तिनं वही उघडली. त्र्यंबक सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं होतं की मशीन सुरू झालं की सगळ्यांत आधी एक छोटी यादी वाचतं, अमुक म्हणजे अमुक, तमुक म्हणजे तमुक. ही यादी मशीनच्या हवेत राहते. मागाहून जो-जो प्रोग्रॅम येईल त्याच्या कानावर ती पडते, त्यानं मागितली असो वा नसो. यादी बघायची तर 'सेट' एवढंच टाइप करायचं. तिनं केलं. चार ओळी आल्या. तीन तिला ठाऊक होत्या. चौथी बघून ती खुर्चीत मागं टेकली.

इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, जी एच ए आर. घर. त्याच्यापुढं बरोबरचं चिन्ह आणि खताच्या फायली जिथं असतात त्या जागेचं नाव.

ही ओळ त्र्यंबक सरांची. खताच्या पॅकेजनं आपल्या फायली कुठं शोधायच्या, एवढ्याचसाठी लिहिलेली. मग तिनं नृसिंहाचं माहितीपत्रक परत उलटलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: मशीनमध्ये 'घर' आधीच सांगितलेलं असल्यास पॅकेज ते आपलंच जुनं घर समजेल, प्रश्न विचारणार नाही आणि तिथल्या जुन्या फायलींच्या जागी नव्या ठेवील; उरलेल्या फायली दुसऱ्या पॅकेजच्या असल्यास ते उघडणार नाही.

बनाक्का एकटीच हसायला लागली. हसता हसता डोळ्यात पाणी आलं, ते पदरानं पुसलं आणि परत हसली. अगं बाई गं! नवी सून आली, घर कुठलं म्हणायला तोंड उघडायच्या आत कुणीतरी बोट दाखवलं, आणि ही सरळ दुसऱ्याच्या घरात घुसून त्यांची भांडी बाहेर टाकून आपली मांडून बसली. सुनेचा दोष न्हाय, जुन्या घरवालीचाबी न्हाय. घर ह्या शब्दाचा घोळ सात वर्षं जिनं सोसला, तिला हे उमगायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नव्हती.

तरी तिनं खात्री करायची ठरवली. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून नाशिकला फोन लावला आणि सरांना विचारलं, तुमी 'घर' असा मराठी शब्द का ठेवला? सर म्हणाले, "अहो, इंग्रजी शब्द कुणीही वापरील आणि घोटाळा होईल. मराठी शब्द कोण ठेवायला बसलंय?" तिनं ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं आणि तारीख घातली.

राहिला प्रश्न उपायाचा. ती ओळ पुसली असती तर खताचं पॅकेज अडलं असतं, आणि नृसिंहानं परत म्हटलं असतं, बघा, बाईंनी ढवळाढवळ केली. मशीनच्या आतल्या एकाही अक्षराला हात न लावता करायला हवं होतं. ती उठून येरझाऱ्या घालायला लागली, आणि खिडकीपाशी तिला म्हाताऱ्याचं वाक्य आठवलं. बाहेरचं बाहेर. आत तू आन् माती, बास.

कपाटात मशीनबरोबर आलेली एक मूळ फ्लॉपी होती. ती घालून मशीन सुरू केलं तर ते त्या फ्लॉपीवरून जागं होतं, आतली यादी वाचतच नाही. घड्याळ नाही, अंगठी नाही, ताईत नाही. नुसतं मशीन, आणि जे पॅकेज चढवायचं ते. तिनं त्या फ्लॉपीची एक प्रत काढली, त्यावर कागदाची पट्टी डकवली आणि निळ्या शाईनं ठसठशीत मराठीत लिहिलं: लंगोट. पुढं कित्येक वर्षं ही फ्लॉपी जिल्ह्यात गाजली. हातकणंगल्याच्या सोसायटीत काही अडलं की तिथले लोक बिनदिक्कत फोनवर विचारायचे, बनाक्का, लंगोट घेऊन येतासा काय? आणि ती जायची. पण ते नंतरचं.

सोमवारी अकराला खोलीत बाळासो, नृसिंह आणि संघाचे एक संचालक, आण्णा म्हणायचे सगळे त्यांना, असे तिघं बसले होते. टेबलावर कोरा कागद आणि पेन तयार होतं, माफीनाम्यासाठी. बनाक्कानं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. ती नृसिंहाला म्हणाली, तुमचं पॅकेज तुमीच चढवा, मंगळवारी चढवलं तसंच. मी मशीनला शिवत न्हाय. आणि भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली.

नृसिंहानं खांदे उडवले, फ्लॉपी घातली, चढवलं. काम झालं. आण्णांनी स्वतः खताचं उघडायला लावलं. साठा गायब. बाळासोंचा चेहरा पडला, नृसिंहाचा उजळला. तो म्हणाला, "बघितलंत? मशीनच बिघडवून ठेवलंय."

"मंगळवारी माझा हात होता म्हणालासा. आज कुठं होता?" बनाक्का म्हणाली. ती पुढं आली, शनिवारच्या फ्लॉप्यांवरून नोंद परत आणली, मशीन बंद केलं आणि लंगोट फ्लॉपी नृसिंहाच्या हातात दिली. त्यानं पट्टी वाचली आणि त्याला काय करावं कळेना. आण्णांनी वाचली आणि त्यांना हसू आवरेना.

मशीन जागं झालं. तारीख विचारली, वेळ विचारली. एरवी विचारत नाही ते विचारलं, कारण त्याला कुणी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. मग नृसिंहानं आपलं पॅकेज घातलं. घरघर झाली, आणि पडद्यावर एक ओळ येऊन थांबली: फायली कुठं ठेवू?

नृसिंह ओळीकडं बघतच राहिला. स्वतः लिहिलेला प्रश्न होता तो, पन्नास ठिकाणी बघितलेला.

"ह्यो प्रश्न तुमीच लिहिलाय न्हवं?" बनाक्कानं विचारलं. "मग मंगळवारी आला न्हाय, तवा तुमास्नी वाटलं न्हाय, का आला न्हाय? तुमी प्रश्न सोडलासा आन् माझं नाव लिवलंसा."

त्यानं निमूट जागेचं नाव दिलं, सभासद. पाच मिनिटांत पॅकेज बसलं. मशीन परत नेहमीसारखं सुरू केलं; खताचं उघडलं, पोतं न् पोतं जागेवर. नव्याचं उघडायच्या आधी तिनं दोन ओळी टाइप केल्या. पहिलीत 'घर' म्हणजे कोरं, पुढं काहीच नाही. दुसरीत 'घर' म्हणजे सभासद. उघडलं. वापरून झाल्यावर ज्याचं त्याला परत. हे दरवेळी आपोआप व्हावं म्हणून तिनं तिथंच चार ओळींची एक फाइल करून दाखवली. आण्णांना अर्धं कळलं, अर्धं नाही, पण कुस्ती कुणी मारली हे ओळखायला कोल्हापूरच्या माणसाला पंच लागत नाही.

नृसिंह सगळ्यांच्या मनातून उतरला होता. तरी पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "आम्ही मुद्दाम मराठी शब्द ठेवला होता हो. इंग्रजी कुणीही वापरतं, मराठी कोण ठेवायला बसलंय, असं वाटलं." बनाक्कानं वही उघडून शनिवारची तारीख घातलेलं वाक्य त्याच्यापुढं धरलं. त्यानं वाचलं आणि कान लाल झाले. दोन शहाणे, दोघांनी घोटाळा टाळायला एकच शहाणपण केलं, आणि तोच घोटाळा! त्यानं आपला अहवाल मागून घेतला, त्यावर 'चूक आमच्या पॅकेजची' असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि सही केली. जाताना म्हणाला, येतो बनाक्का. ती म्हणाली, "या. पुढच्या खेपेला मी आलो-गेलो म्हटलं तर हसू नका म्हंजे झालं." तो दारातच थबकला, मान डोलावली आणि गेला.

आण्णाही गेले. खोलीत बाळासो आणि ती. बाळासो एकदम मोकळे झाले. मिटलं म्हणाले, छान झालं म्हणाले, मलकापूरचं विसरून जा म्हणाले, आणि मेमोची फायलीतली प्रत काढून फाडायला निघाले.

"फाडू नका," बनाक्का म्हणाली. "राहू दे फायलीत."

बाळासोंना कळेना. ते म्हणाले, अहो, मी तोंडानं सांगतोय ना, मागं घेतला म्हणून.

"मेमो लेखी दिलाय न्हवं? मग माघारीबी लेखीच पायजे." ती टाइपरायटरपाशी जाऊन बसली, तीन कागद, दोन कार्बन सारखे केले आणि रोलर फिरवला. "सांगा साहेब. मी घेतो."

बाळासो पुन्हा खिडकीकडं वळले. बाहेर रस्त्यावर नेहमीची ये-जा होती. त्यांनी घसा साफ केला आणि सांगायला लागले: आपणांस दिनांक अमुक रोजी दिलेला मेमो नजरचुकीने देण्यात आला होता. यंत्र थांबलं. ती म्हणाली, नजरचूक न्हवती साहेब, नीट बघून दिलतासा. बाळासो म्हणाले, बरं, नजर काढा. चुकीने देण्यात आला होता. चूक... चूक कार्यालयाची होती.

बनाक्काची बोटं अक्षरांवर तशीच राहिली. एकही अक्षर दाबलं नाही.

"कार्यालय म्हंजे कोण, साहेब? कार्यालयात तर मीबी हाय."

बाळासोंनी खिडकी सोडली आणि वळून तिच्याकडं बघितलं, त्या शुक्रवारी बघितलं नव्हतं तसं.

"लिहा," ते म्हणाले. "चूक माझी होती."

बनाक्कानं लिहिलं. 'माझी' हा शब्द तिनं जरा जोरातच मारला. तिसऱ्या प्रतीवर अक्षरं नेहमी पुसट येतात; ह्या प्रतीवर तेवढा एक शब्द ठळक उमटला, आणि तीच प्रत तिनं घडी घालून घरी नेली.